स्टेपनीचे महापौर लेखातून वगळले कसे?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

रविवारच्या पुरवणीतला ब्रिटनचे माजी पंतप्रधान क्लेमंट अ‍ॅटली यांच्यावरचा लेख वाचला. कालपासून डोक्यातून जात नाही, म्हणून लिहितो आहे. लेख सुरू होतो १९२२ पासून, ते लाइमहाउसचे खासदार झाले तिथून. त्याआधी १९१९-२० मध्ये ते लंडनच्या स्टेपनी भागाचे महापौर होते, त्याला एक ओळसुद्धा मिळू नये? १९१९ मध्येच लंडन काउंटी कौन्सिलची निवडणूक ते थोडक्यात हरले होते. तरीही मजूर पक्षाने स्टेपनी जिंकल्यावर, निवडून आलेले नगरसेवक नसताना, त्यांना महापौर केले. १९०५ पासून तिथल्या गरीब मुलांच्या क्लबात जाणारा माणूस वस्तीला परका नव्हता.

मी नगरपालिकेत एकतीस वर्षे स्वच्छता निरीक्षक होतो, म्हणून हे जास्त लागले. भाडे घ्यायचे आणि घर मोडकळीला आले तरी बघायचे नाही, अशा मालकांना स्टेपनीत नोटिसा गेल्या आणि दुरुस्त्या करून घेतल्या गेल्या. आरोग्यसेविका आणि निरीक्षक नेमले. तान्ह्या मुलांचे मृत्यू घटले.

नोटीस काढणे सोपे असते हो. माझ्या हद्दीतल्या एका चाळीत पहिल्या मजल्यावरच्या सामायिक संडासाची लादी खचली होती. बायका भिंतीला हात टेकत आत जायच्या, लहान पोरांना पाठवत नसत. मालकाला मी तीन नोटिसा काढल्या. तिसरी माझ्याच टेबलावर परत आली, वर शेरा: ‘तूर्त थांबावे’. त्या पावसाळ्यात लादी खाली आली. आत कोणी नव्हते म्हणून निभावले. पाठीशी उभा राहणारा एक तरी पदाधिकारी तेव्हा मिळायला हवा होता.

१९३१ मध्ये मजूर पक्षाचे जेमतेम ५२ खासदार उरले. अ‍ॅटली लाइमहाउसमध्ये, म्हणजे स्टेपनीतच, ५५१ मतांनी तरले. ती मते मला स्टेपनीतल्या दुरुस्त झालेल्या घरांतली वाटतात. तेव्हा पडले असते तर १९३५ चे पक्षनेतेपद आणि १९४५ चे पंतप्रधानपद कुठून आले असते?

आणखी एक. लेखात त्यांना सरसकट ‘भारताचा मित्र’ म्हटले आहे. सायमन कमिशनच्या सात सदस्यांत ते होते, हे कसे विसरलात? ३ फेब्रुवारी १९२८ ला कमिशन मुंबईत उतरले तेव्हा माझे आजोबा काळा झेंडा घेऊन रस्त्यावर होते. याच अ‍ॅटलींनी २० फेब्रुवारी १९४७ ला जून १९४८ पर्यंत सत्ता सोडण्याची घोषणा केली. एवढे अंतर माणसाने कसे काटले, ते वाचायला मिळायला हवे होते.

फोटोखाली ‘अर्ल अ‍ॅटली, १९४५’ असे छापले आहे. ‘अर्ल’ हा उमरावांचा किताब त्यांना मिळाला १९५५ मध्ये. येत्या रविवारी दुरुस्ती छापावी, आणि तीत स्टेपनीचाही उल्लेख असावा, ही विनंती.

आपला,
एक निवृत्त स्वच्छता निरीक्षक, डोंबिवली