रिसीव्हर गेलेला नाही, बाबा

पुणे

ती. आई-बाबांस,
सा. न. वि. वि.

घराला रंग दिल्यानंतर वायरी पुन्हा जोडल्या, तेव्हापासून टीव्हीचा आवाज रिसीव्हरमधून (टीव्ही, कॅसेट यांचा आवाज वाढवून स्पीकरला देणाऱ्या मशीनमधून) येत नाही, आणि दुरुस्तीवाल्याने "मशीनच गेलं" असे सांगितले, हे बाबांनी फोनवर कळवले. मला ते पटत नाही. आईची अहिराणी गाण्यांची कॅसेट फाटक्या आवाजात का होईना, पण वाजते. म्हणजे अ‍ॅम्प्लिफायर आणि स्पीकर जिवंत आहेत, खोट जोडणीत आहे.

बाबा, कशालाही हात लावण्याआधी सगळे प्लग काढा. टीव्हीच्या मागे एचडीएमआयची (चित्र आणि आवाज एकत्र नेणाऱ्या केबलची) तीन-चार भोके असतील, पण टीव्हीचा आवाज बाहेर पाठवणारे भोक बहुधा एकच असते आणि त्याच्याजवळ 'एआरसी' असे इंग्रजीत लिहिलेले असते. तिथली केबल रिसीव्हरच्या 'एचडीएमआय आऊट'मध्ये गेली पाहिजे. आवाज टीव्हीकडून रिसीव्हरकडे 'येतो', म्हणून तुम्ही ती 'इन'मध्ये घातली असणार. तर्क बरोबर, पण ही एआरसीची सोय 2009 सालच्या एचडीएमआय 1.4 मध्ये आली तीच मुळी चित्राच्या केबलमधून आवाज उलट दिशेने आणण्यासाठी. मग टीव्हीच्या सेटिंगमध्ये आवाजाचे आऊटपुट रिसीव्हरवर ठेवा, 'सीईसी' चालू करा (म्हणजे टीव्ही आणि रिसीव्हर एकमेकांना सूचना देऊ शकतात; कंपन्या त्याला आपापली नावे देतात) आणि रिसीव्हरच्या रिमोटवर 'टीव्ही' निवडा. एवढ्यानेही आवाज आला नाही, तर टीव्हीच्या डिजिटल आवाजाचा प्रकार 'पीसीएम' (साधा, न आवळलेला आवाज) करून पाहा.

कॅसेटचा आवाज फाटतो, कारण कॅसेट डेकची वायर रिसीव्हरच्या 'फोनो'त गेली असावी. ते भोक रेकॉर्ड प्लेअरच्या अतिक्षीण संकेतासाठी असते आणि तो कित्येक पटींनी वाढवते. डेकचा संकेत मुळातच दणकट असतो. ती वायर 'टेप इन' किंवा 'ऑक्स'मध्ये घाला.

स्पीकरच्या तारा मात्र सावकाश पाहा. लाल टोक लालवर आणि काळे काळ्यावर, असे दोन्ही स्पीकरांना सारखे हवे. एकाचे उलटे झाले तर गाणे ऐकू येते, पण ढोलकीचा ठोका पोकळ वाटतो आणि गायिका नेमकी कुठे उभी आहे ते कळत नाही. सोललेल्या तारेचे धागे पिळून घ्या. एक जरी धागा शेजारच्या टोकाला चिकटला, तरी रिसीव्हर स्वतःला वाचवण्यासाठी 'प्रोटेक्ट' दाखवून बंद पडतो, आणि त्यालाच लोक जळाला म्हणतात.

आई, तुझा क्रोशाचा रुमाल सुंदर आहे, पण तो रिसीव्हरवरून काढ. झाकणावरच्या जाळीतून त्याची उष्णता बाहेर पडते आणि मे महिन्यात अमळनेरचा पारा चढला की तो झाकलेला राहणे बरे नाही. कूलरची हवाही त्याच्यावर थेट येऊ देऊ नकोस.

ब्लूटूथचे सोपे आहे: आधी दादाच्या फोनची जोडणी तोडा, मगच तुमचा फोन जोडा.

रविवारी सकाळी व्हिडिओ कॉल करते. त्या वेळी कपाट भिंतीपासून हातभर पुढे ओढून ठेवा आणि बॅटरी जवळ असू द्या, म्हणजे मागची भोके मला नीट दिसतील.

तुमची,
छकुली