आई, त्या कललेल्या दाढेचं मनावर घे

तीर्थरूप आई-बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

फोनवर हा विषय काढला की आई लगेच स्वयंपाकाचं काहीतरी काढते, म्हणून लिहूनच पाठवते आहे. बाबा, तुम्ही तिला बसवून वाचून दाखवा.

आई, सावंगीच्या दंत महाविद्यालयात तुला सांगितलं की ब्रिज, म्हणजे शेजारच्या दोन दातांवर टेकवलेला पक्का दात, बसवण्याआधी मागची कललेली दाढ तार लावून सरळ करावी लागेल. त्यावर "साठी उलटल्यावर तारा लावून मला कोणाला दाखवायचं आहे?" असं म्हणून तू घरी आलीस. अगं, ती दाढ इतकी मागे आहे की बाबांनासुद्धा तार दिसणार नाही. माझी काळजी तुझ्या जेवणाची आणि उरलेल्या दातांची आहे.

खालची मोठी दाढ काढल्यापासून ती जागा रिकामीच आहे. अशी जागा राहिली की शेजारचे दात जागेवर राहत नाहीत. मागची दाढ पुढे कलते, समोरची वरची दाढ हळूहळू खाली उतरते. तुझ्या एक्सरेत हे स्पष्ट दिसतं. कललेल्या दाढेच्या पुढच्या अंगाला हिरडीखाली खाच झाली आहे, तिथे अन्न अडकतं आणि ब्रश पोचत नाही. जेवण झालं की पदराआड काडीने कोरत बसतेस आणि चूळ भरताना रक्त येतं, ते याच जागेतून. उजव्याच बाजूने चावायची तुला इतकी सवय झाली आहे की ज्वारीची भाकर तू आता वरणात कुस्करून खातेस. फुटाणे तर सोडूनच दिलेस.

तशाच तिरप्या दाढेवर ब्रिज का बसवत नाहीत, हेही मी विचारून घेतलं. ब्रिजला दोन्ही बाजूंचे खांब सरळ लागतात. कललेल्या दाढेवर चावण्याचा जोर तिरपा पडतो, ती खाच तशीच राहते आणि खाली हिरडी कुजत जाते. दाढ उभी केली की खाच उथळ होते, जागा ब्रशला सापडते आणि ब्रिज जास्त टिकतो. त्यासाठी तोंडभर तारा लागत नाहीत, त्या बाजूच्या मोजक्या दातांवर लावतात. सहा महिने ते वर्षभराचं काम असतं.

या वयात दात हलतो कसा, असं तू विचारशील. दात हाडात थेट चिकटलेला नसतो. मुळाभोवती तंतूंचा अगदी पातळ थर असतो. तारेने हलका, सतत दाब दिला की दाबाच्या बाजूचं हाड विरघळतं आणि मागच्या बाजूला नवं भरतं. महिन्याला साधारण एक मिलिमीटर. हाड झिजणं आणि भरणं जन्मभर चालू असतं. बाबांचं मनगट पासष्टीनंतर मोडलं, तेही जुळलंच ना! मुलांपेक्षा वेळ थोडा जास्त लागतो, आणि हिरड्या आधी निरोगी करून घ्याव्या लागतात. वयाची अट मात्र नाही.

एक गोष्ट तू तिथल्या डॉक्टरांना नक्की सांगायला हवीस. रविवारी उपाशीपोटी घेऊन अर्धा तास आडवी होत नाहीस, ती हाडांची गोळी. ती हाडाची झीज रोखते, त्यामुळे दातही हळू सरकतो, आणि कधी दात काढायची वेळ आलीच तर जबड्याची जखम भरायला क्वचित त्रास होऊ शकतो. गोळीची चिठ्ठी सोबत ने. आपल्या मनाने ती बंद मात्र करू नकोस.

मी स्वतः चाळिशीत तारा लावल्या, त्याचं तुम्हा दोघांना अजून वाईट वाटतं, मला माहीत आहे. मावशीने "आता कशाला?" विचारलं, तेव्हा तू गप्प राहिलीस. माझे खालचे पटाशीचे दात एकमेकांवर चढले होते. कितीही घासले तरी मागे किटण साठायचं, आणि एका दाताची हिरडी खाली सरकून मूळ उघडं पडू लागलं होतं. आता तिथे बारीक ब्रश सहज फिरतो. तारा असताना मात्र रोज रात्री आरशासमोर बसून एकेक फट साफ करावी लागते. तसं केलं नाही तर हिरड्या उलट बिघडतात आणि दातांवर पांढरे डाग पडतात. तारांनी डोकेदुखी जाते, पाठ सरळ होते असं कोणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. दात सरळ झाल्यावरही रात्री रिटेनर, म्हणजे दात जागेवर धरून ठेवणारी पट्टी, लावावा लागतो, नाहीतर ते परत सरकतात. हे सगळं माहीत असूनही मला वाटतं, पुढच्या वीस-तीस वर्षांसाठी मी योग्य तेच केलं.

बाबा, आता तुमच्याकडे वळते. तुम्ही खर्रा सोडलात याचा मला फार अभिमान वाटतो. पण खर्रा खाल्लेल्याच्या हिरड्यांचं दुखणं आत दबून राहू शकतं, म्हणून ठीक वाटलं तरी तपासून घ्याच. साखर वाढली की हिरड्या सुजतात आणि हिरड्यांची सूज राहिली की साखर आटोक्यात आणणं अवघड जातं. हिरड्यांच्या उपचाराने तीन महिन्यांची सरासरी साखर थोडी खाली आलेली दिसते. तुमचा खालचा एक दात हलतो, हे मी दिवाळीत पाहिलं आहे. गालाच्या आतली कातडीही दाखवून घ्या, तोंड पूर्वीइतकं उघडतं का तेही.

तर दोघंही एकाच दिवशी सावंगीला जा. वर्ध्याहून ऑटोने थोड्याच वेळात पोचता, महिन्यातून एकदा तार घट्ट करायला नागपूरला यायची गरज नाही. पहिल्यांदा मी येते, सोमवारची सुट्टी टाकली आहे. आईचा जुना एक्सरे आणि बाबांचा साखरेचा शेवटचा रिपोर्ट कपाटातून काढून ठेवा. पैशांचं मी बघते, त्यावरून आईने वाद घालू नये.

तुमची,
सुमी