आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र: टेस्टोस्टेरॉनची तपासणी सकाळी आणि घराजवळ व्हावी

माननीय आरोग्यमंत्री, गोवा राज्य,

सप्रेम नमस्कार.

पन्नाशी-साठी ओलांडलेल्या पुरुषांच्या एका रक्ततपासणीविषयी, म्हणजे टेस्टोस्टेरॉन या पुरुषी हार्मोनच्या तपासणीविषयी हे पत्र आहे. विषय चारचौघांत काढण्यासारखा नाही, असे समजून आमच्या पिढीने तो दाबून ठेवला. म्हणूनच उघड लिहितो आहे.

2023 साली प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआरच्या पाहणीत मधुमेहाचे देशातील सर्वाधिक प्रमाण गोव्यात आढळले, 26.4 टक्के. मीही त्यातलाच एक. मधुमेह आणि सुटलेले पोट असलेल्या पुरुषांत टेस्टोस्टेरॉन कमी असणे बरेचदा आढळते. कामेच्छा मावळते, पहाटेचा ताठरपणा बंद होतो, दंडा-मांड्यांतले बळ जाते, कशातच मन लागत नाही. घरचे म्हणतात वय झाले. काही वेळा ते खरेही असते, कारण चाळिशीनंतर हे हार्मोन हळूहळू उतरतच जाते. पण वय कुठे संपते आणि आजार कुठे सुरू होतो, हे तपासणीशिवाय कळत नाही. आणि घोडे नेमके तिथेच अडते.

टेस्टोस्टेरॉन सकाळी सर्वांत जास्त असते आणि दिवस चढेल तसे घटते. खाल्ल्यावर कमी होते, तापात-आजारपणातही कमी होते. म्हणून रक्त सकाळी दहाच्या आत, उपाशीपोटी घ्यायचे आणि आकडा कमी आला तर दुसऱ्या दिवशी पुन्हा घ्यायचे, हा नियम आहे. माझ्या एका मित्राचे रक्त खासगी लॅबमध्ये दुपारी साडेबाराला घेतले, चहा-नाश्ता करून गेलेला असताना. अहवालाच्या कोपऱ्यात वेळ छापलेली होती, ती कोणी पाहिली नाही. आकडा 262 (नॅनोग्रॅम प्रति डेसिलिटर) आला आणि टेस्टोस्टेरॉनच्या इंजेक्शनची चिठ्ठी लिहून झाली. मुलीने हट्ट धरला म्हणून सकाळी आठला उपाशीपोटी पुन्हा तपासले, तर 371. अमेरिकेतील मूत्ररोगतज्ज्ञांची संघटना 300 च्या खाली कमतरता मानते. त्या इंजेक्शनची त्याला गरजच नव्हती.

हे औषध टॉनिक नव्हे. बाहेरून टेस्टोस्टेरॉन मिळू लागले की शरीर स्वतःचे बनवणे थांबवते, शुक्राणू घटतात. रक्त दाट होऊ शकते. प्रोस्टेटचा कर्करोग असलेल्यांना ते सहसा देत नाहीत. टेस्टोस्टेरॉन उपचारांच्या 2023 च्या ट्रॅव्हर्स या वैद्यकीय चाचणीत पाच हजारांहून अधिक पुरुषांत हृदयविकाराचे झटके वाढले नाहीत, हा मोठा दिलासा. पण हृदयाची लय बिघडणे आणि फुप्फुसात गुठळी होणे थोडे जास्त दिसले. ज्याला खरोखर कमतरता आहे त्याला मात्र देखरेखीखाली हे उपचार मिळालेच पाहिजेत. लाजेपोटी तो वंचित राहतो, याचे मला जास्त दुःख आहे.

वाळपईहून पहिली कदंब बस धरून बांबोळीला गोमेकॉत, म्हणजे गोवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या इस्पितळात जायचे, नंबर लावायचा, मग रक्त द्यायचे, तोवर सकाळ निघून जाते. म्हणून रक्त वाळपईच्या सामुदायिक आरोग्य केंद्रात, पेडण्यात, काणकोणात सकाळीच घेतले जावे आणि नमुना थंड पेटीतून गोमेकॉला जावा. माणसाला हलवण्यापेक्षा बाटली हलवणे सोपे आहे. वाळपई तर आपलाच मतदारसंघ, सुरुवात तिथूनच करा. अहवालावर रक्त घेतल्याची वेळ ठळक छापणे खासगी लॅबनाही सक्तीचे करावे. चिठ्ठीशिवाय ही इंजेक्शने विकली जाऊ नयेत, याकडे अन्न व औषध प्रशासनाने, विशेषतः जिमच्या आसपास, लक्ष द्यावे.

आणखी एक. मधुमेहाच्या ओपीडीत डॉक्टर पाय बघतात, डोळे तपासून घ्यायला सांगतात. त्याच वेळी दार लोटून घेऊन पुरुषाला त्यांनी या तक्रारींविषयीही विचारावे, असे परिपत्रक काढा. आमच्या वयाचा माणूस आपणहून सांगणार नाही, पण डॉक्टरने विचारले तर खोटे बोलणार नाही.

आपला,
सत्तरी तालुक्यातील एक निवृत्त शिक्षक