वैनगंगेच्या पाण्याचा हिशेब लोकांसमोर ठेवा

मा. संपादक,
स. न.

वैनगंगा-नळगंगा नदीजोड प्रकल्पाला राज्य सरकारने 2024 मध्ये मंजुरी दिल्यापासून चर्चा चालते ती मुख्यतः खर्चाची आणि भूसंपादनाची. वैनगंगेवरील गोसीखुर्द धरणाचे पाणी सुमारे 426 किलोमीटर दूर बुलढाणा जिल्ह्यापर्यंत न्यायचे असेल, तर ते पाणी आणखी चाळीस-पन्नास वर्षांनी वैनगंगेत किती असेल, हा प्रश्न या दोन्हींच्या आधी येतो.

सिंचन प्रकल्पाचे पाणी आपल्याकडे 75 टक्के विश्वासार्हतेने मोजतात. म्हणजे शंभरांपैकी पंचाहत्तर वर्षांत किमान जेवढा येवा, म्हणजे नदीतून येणारे पाणी, मिळेल, तेवढाच हिशेबात धरतात. पद्धत सावध आहे, परंतु पाऊस पूर्वी जसा पडला तसाच पुढेही पडेल, हे तिचे गृहीतक आता टिकणारे नाही. हवेचे तापमान एक अंश सेल्सिअसने वाढले की तिची बाष्प धारण करण्याची क्षमता सुमारे 7 टक्क्यांनी वाढते, त्यामुळे थोड्या तासांत कोसळणाऱ्या पावसाची शक्यता वाढते. अशा वेळी वर्षाची सरासरी तीच राहिली तरी जमिनीत मुरणारे, धरणात साठणारे आणि सांडव्यावरून निघून जाणारे पाणी यांचे प्रमाण बदलते. 23 सप्टेंबर 2023 च्या पहाटे अंबाझरी तलाव ओसंडून नाग नदीकाठच्या वस्त्यांत पाणी शिरले, तेव्हा आम्हा नागपूरकरांना याचा अनुभव आलाच आहे.

म्हणून खोऱ्याचे जलशास्त्रीय मॉडेल, म्हणजे पावसावरून नदीतल्या पाण्याचा अंदाज बांधणारी गणिती मांडणी, हवामानाच्या भावी अंदाजांना जोडून तपासणे अपरिहार्य आहे, आणि ते मॉडेल वैनगंगेचे खरे रूप दाखवणारे असले पाहिजे. मध्य प्रदेशातील वैनगंगेवरील संजय सरोवर आणि तिच्याच खोऱ्यातील पेंच नदीवरील चौराई ही धरणे वरच्या अंगाला पाणी अडवतात. त्यामुळे आज नदीत मोजला जाणारा विसर्ग हा तिचा नैसर्गिक प्रवाह नव्हे. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली जिल्ह्यांतील हजारो माजी मालगुजारी तलाव, म्हणजे आपले मामा तलाव, आणि धानाच्या बांध्या पावसाचे पाणी कित्येक दिवस रोखून धरतात. बाहेरून आणलेल्या तयार मॉडेलमध्ये त्यांना जागा नसेल, तर पुराचा अंदाजही चुकेल आणि उन्हाळ्यातील प्रवाहाचाही. मला स्वतःला ही उणीव सर्वांत गंभीर वाटते.

शिवाय, ज्या वर्षांच्या नोंदींवरून मॉडेल जुळवले, त्याच वर्षांवर ते बरोबर ठरले, याला पडताळणी म्हणता येत नाही. बाजूला राखून ठेवलेल्या वर्षांवर, विशेषतः भंडारा आणि गडचिरोली जिल्ह्यांना झोडपणाऱ्या ऑगस्ट 2020 च्या पुरावर, ते कितपत उतरते हे दिसले पाहिजे. निरनिराळी हवामान मॉडेल्स भावी पावसाबाबत एकसारखे उत्तर देत नाहीत. तेव्हा उपलब्ध पाण्याचा एकच ठाम आकडा न देता कमीत कमी आणि जास्तीत जास्त अशी मर्यादा जाहीर करावी.

या कामासाठी दूर जाण्याची गरज नाही. मातीच्या सर्वेक्षणाची राष्ट्रीय संस्था, राज्याचे सुदूर संवेदन केंद्र, पर्यावरण अभियांत्रिकीची राष्ट्रीय संशोधन संस्था नीरी, व्हीएनआयटी हे अभियांत्रिकी महाविद्यालय आणि प्रादेशिक हवामान केंद्र हे सारे नागपुरातच आहे. जलसंपदा विभागाने या संस्थांना एकत्र बसवून खोऱ्याचे मॉडेल तपासून घ्यावे आणि त्यातील नोंदी, गृहीतके व त्रुटींसह ते मराठीतून संकेतस्थळावर खुले करावे. कालव्याच्या कामाच्या निविदा त्यानंतरच काढाव्यात, ही विनंती.

आपला,
एक वाचक, नागपूर