बागेत पोरांना कधी सोडायचं, तेही छापा

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

ऑक्टोबर छाटणी तोंडावर आली की तुमच्या शेतीच्या पानावर द्राक्षाच्या फवारणीचा सल्ला सुरू होतो. दावण्या, भुरी या बुरशीच्या रोगांना काय, दोनशे लिटरला किती, आणि काढणीच्या आधी किती दिवस बंद करायचं. मी ती पानं वर्षानुवर्षं कापून ठेवतो. काढणीपूर्व दिवस तर आम्हा बागायतदारांना तोंडपाठ असतात. पण फवारलेल्या बागेत लहान पोर किती तासांनी सोडायचं, हे मला कधी कुणी सांगितलं नाही आणि मीही कधी विचारलं नाही. विचारायची वेळ कशी आली, ते आधी सांगतो.

आठ वर्षांपूर्वीची गोष्ट. एका कीटकनाशकाच्या डब्याचं टोपण फुटलं. आत शंभर-दीडशे मिली उरलं होतं. टाकून द्यायला जीव झाला नाही, म्हणून मी ते कोल्ड्रिंकच्या रिकाम्या बाटलीत ओतलं आणि मोटारीच्या खोलीत फळीवर ठेवलं. फळी माझ्या छातीएवढी उंच. पोराचा हात पोचणार नाही असं वाटलं. खाली खताचं पोतं होतं, ते डोक्यात आलं नाही. पुतण्या चार वर्षांचा होता. पोत्यावर चढला आणि बाटली तोंडाला लावली. एक घोट गेला असेल, बाकीचा थुंकला. वहिनीला आधी वास आला, मग पोराच्या तोंडातून लाळेची धार दिसली. आईनं मिठाचं पाणी पाजलं, उलटी व्हावी म्हणून. मोटारसायकलवर मध्ये धरून तासगावला नेलं, तिथून ॲम्ब्युलन्सनं मिरजेला.

डॉक्टरांनी पोराच्या डोळ्यात बॅटरी मारली. बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या झाल्या होत्या. त्यांचा पहिला प्रश्न, "बाटली आणलीय का? औषध कुठलं?" बाटली मी आणली होती. तिच्यावर नाव होतं कोल्ड्रिंकचं. घाईत मला त्या औषधाचं नाव काही केल्या आठवेना, नुसता डब्याचा रंग आठवत होता. शेवटी भावानं मोटारीच्या खोलीत जाऊन फुटका डबा शोधला आणि फोनवर नाव एकेक अक्षर करून वाचून दाखवलं. ते ऑर्गेनोफॉस्फेट, म्हणजे मज्जातंतूंवर घाला घालणाऱ्या जातीचं विष निघालं. त्यावरचा उतारा म्हणून ॲट्रोपिनची इंजेक्शनं आधीच चालू केली होती, पण डॉक्टर म्हणाले, काही विषांना असा उतारा नाही, म्हणून नाव कळलं पाहिजे. मिठाच्या पाण्याबद्दल त्यांनी आईला हळू आवाजात समजावलं. उलटी करवली की विष आणि त्यातलं तेलकट द्रावण श्वासनळीत जाऊन फुप्फुसं बाद होऊ शकतात. आई ते ऐकून पाच दिवस जेवली नाही.

पोरगं वाचलं. आता सातवीत आहे. गावानं देवाची कृपा म्हटलं आणि विषय मिटला. डबा फोडणारा, बाटलीत ओतणारा आणि फळीवर ठेवणारा मीच होतो, हे मी आज पहिल्यांदाच लिहून देतोय.

आपण या विषाला 'औषध' म्हणतो. औषध मारायचं, औषधाचं दुकान, औषधाचा हौद. त्याच घरात खोकल्याचं गोड औषध चमच्यानं पाजताना आपण पोराला सांगतो, औषध घे, बरं वाटेल. चार वर्षांच्या पोरानं या दोन औषधांत फरक कसा करायचा? त्या दिवसापासून आमच्या घरात फवारणीच्या मालाला 'विष' हाच शब्द आहे. सुरुवातीला गडी हसले. आता त्यांची पोरंही विषच म्हणतात आणि हात लावत नाहीत.

२०१३ मध्ये बिहारच्या सारण जिल्ह्यात शाळेतलं दुपारचं जेवण जेवून २३ मुलं गेली. स्वयंपाकाच्या तेलात मोनोक्रोटोफॉस हे कीटकनाशक निघालं होतं. त्याच्या ३६ टक्के द्रावणावर केंद्रानं बंदी आणली ती २०२३ मध्ये, दहा वर्षांनी. २०१७ मध्ये यवतमाळला फवारणी करताना वीसहून अधिक शेतकरी-मजूर गेले, तेव्हा आपण सगळे कापसाच्या नावानं बोललो. आपल्या तासगाव, मिरज, पलूस, कवठेमहांकाळच्या बागांतही ब्लोअर, म्हणजे ट्रॅक्टरमागचा फवारणीचा पंखा, चालतोच.

ब्लोअरबद्दल थोडं सविस्तर लिहितो, कारण बाटली कुलपात ठेवता येते, वारा ठेवता येत नाही. अवकाळी झाली, ढग आले, धुकं पडलं की दावण्याच्या धास्तीनं आम्ही दिवस-रात्र बघत नाही. हा पंखा औषधाचं धुकं करून पानांवर मारतो आणि त्यातलं थोडं बांधापलीकडे जातंच. आमच्या गावात बांधापलीकडे जिल्हा परिषदेची शाळा आहे आणि तिच्या पटांगणाला लागून अंगणवाडी. मी शाळा व्यवस्थापन समितीवर आहे. गेल्या हंगामात एका सकाळी प्रार्थनेला पोरं रांगेत उभी होती आणि शेजारच्या बागेत ब्लोअर फिरत होता. पुढच्या रांगेतली पहिलीची पोरगी फ्रॉकच्या बाहीनं डोळे चोळत होती. बाईंनी सगळ्यांना आत घेऊन खिडक्या लावल्या. उन्हाळ्यासारख्या गरम वर्गात दीडशे पोरं तासभर कोंडून बसली. बाग माझ्या चुलत्याची. चुकून आमची नव्हती एवढंच.

मोठ्या माणसाला जे सोसतं ते लहानाला का सोसत नाही, हे मला डॉक्टरांनी साध्या शब्दांत सांगितलं. वजनाच्या मानानं मूल आपल्यापेक्षा जास्त हवा ओढतं, जास्त पाणी पितं, जास्त खातं. ते जमिनीवर खेळतं आणि तोच हात तोंडात घालतं. त्याचं यकृत अजून विष मोडायला शिकलेलं नसतं आणि मेंदूची बांधणी चालू असते. एकदम भोवळ येऊन पडलेलं पोर सगळ्यांना दिसतं. रोज थोडंथोडं पोटात गेलेलं कुणाला दिसत नाही. मेंदूच्या वाढीची हीच काळजी एक मोठं कारण म्हणून युरोपीय संघानं २०२० मध्ये क्लोरपायरीफॉस हे कीटकनाशक बंद केलं. आपल्याकडे वाळवीला आणि पिठ्या ढेकणाला लोक अजून तेच मागतात.

हातावरून पोरापर्यंत जाणारं विषही असंच न दिसणारं. छाटणीनंतर डोळे फुटावेत म्हणून काड्यांना पेस्ट लावायला बाया येतात. त्या पेस्टमधलं हायड्रोजन सायनामाइड कातडी भाजतं, म्हणून हातमोजे घालायचे असतात. घामानं मोजे ओले झाले की त्या काढून ठेवतात. बांधाच्या झाडाला झोळी बांधलेली असते, त्यात तान्हं. ते रडलं की बाई पदराला हात पुसते आणि त्याला उचलून पाजायला घेते. दोष त्या बाईचा नाही. बांधावर साबण आणि एक घागर चांगलं पाणी ठेवणं मालकाचं काम आहे आणि त्याला शंभर रुपयेही लागत नाहीत. बेदाणा शेडवर तर बाहेरून आलेल्या टोळ्या पोरांसकट शेडशेजारीच राहतात. बेदाण्याला रंगासाठी देतात ती गंधकाची धुरी हवेपेक्षा जड असते, ती खाली बसते, आणि खाली पोरं झोपलेली असतात.

आम्ही बदलू शकत नाही असं मला कुणी सांगू नये. २०१० मध्ये युरोपात आपल्या द्राक्षांत क्लोरमेक्वाट, म्हणजे वेलीची वाढ रोखायला मारतात ते आपलं सीसीसी, सापडलं आणि कंटेनर अडकले. किती घरं त्या साली बसली हे तासगावात कुणालाही विचारा. त्यानंतर सीसीसीचं नाव काढायला लोक घाबरू लागले. आज निर्यातीच्या बागेची नोंदणी होते, घडांचे नमुने प्रयोगशाळेत जातात, फवारणीची वही तारीखवार लिहिली जाते. ती वही मी स्वतः लिहितो. परदेशातल्या पोराच्या ताटात काय जाईल याचा हिशेब त्यात दशांशापर्यंत असतो, आणि तो असलाच पाहिजे. त्याच वहीत आपल्या पोरांसाठी आणखी एक रकाना आखायला किती वेळ लागेल?

अमेरिकेत शेतीच्या औषधाच्या लेबलवर फवारणीनंतर बागेत परत कधी शिरायचं ते तासांत छापलेलं असतं. कुठे १२, कुठे २४, कुठे ४८, काहींना त्याहून जास्त. कॅलिफोर्नियात २०१८ पासून शाळा आणि पाळणाघरांपासून पाव मैलाच्या, म्हणजे साधारण ४०० मीटरच्या आत, सोमवार ते शुक्रवार सकाळी ६ ते संध्याकाळी ६ ब्लोअर चालवायला बंदी आहे. आपली तास-ए-गणेश ही द्राक्षाची जात ज्या थॉमसन सीडलेसमधून निघाली, त्या जातीला थॉमसन हे नाव तिकडेच मिळालं. वाण घेतलं, मग हा नियमही घ्यायला हरकत नसावी.

आपल्याकडे नियम नाहीत असंही नाही. कीटकनाशक नियम १९७१ प्रमाणे रिकामे डबे पुन्हा वापरात येऊ नयेत म्हणून ते फोडून वस्तीपासून लांब पुरायचे असतात. प्रत्यक्षात ते ओढ्याकाठी पडतात, आणि पोरं त्यांच्या गाड्या करतात. आमच्या ग्रामसभेत मी मागितलंय की कृषी सेवा केंद्रांनी आणि ग्रामपंचायतीनं मिळून डबे जमा करायला कुलपाची एक पेटी ठेवावी. डब्यावरच्या शंकरपाळीच्या आकाराच्या खुणेचा रंगही लोकांना नीट सांगायला हवा. लाल सगळ्यात जहाल, मग पिवळा, मग निळा, मग हिरवा. पण हिरवा म्हणजे 'चालतंय' असं आमच्याकडे सर्रास धरतात, आणि पोराच्या बाबतीत ते चालत नाही.

शाळेभोवतीच्या पाच बागायतदारांपैकी तिघांनी कबूल केलंय की ब्लोअर शाळा भरायच्या आधी संपवायचा, नाहीतर सुटल्यावर सुरू करायचा, आणि पावसानं गाठलंच तर आदल्या रात्री मुख्याध्यापकांना फोन करायचा. चुलतेही त्यात आहेत. उरलेल्या दोघांकडे मी छाटणीच्या आधी पुन्हा जाणार आहे.

तुमच्याकडे एवढंच मागणं आहे. यंदाच्या फवारणी सल्ल्यात प्रत्येक औषधापुढे जसे काढणीपूर्व दिवस छापता, तसे बागेत शिरायला थांबायचे तास कृषी विद्यापीठाकडून आणि कंपन्यांकडून मागून घ्या आणि छापा. कंपनीनं दिले नाहीत तर ती जागा तशीच रिकामी ठेवून छापा. दुकानात जाऊन त्याबद्दल विचारायला आम्ही आहोत.

आपला,
एक द्राक्ष बागायतदार,
ता. तासगाव, जि. सांगली