वाडीला विचारून तरी बघा

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

कोकणातल्या विखुरलेल्या वाड्या रस्त्यालगत एका जागी आणाव्यात, म्हणजे नळ, शाळा, दवाखाना देणं स्वस्त पडेल, अशी सूचना आपल्या एका वाचकाने केली आहे. मी पोस्टमन होतो. पहिली ११ वर्षं लांजा तालुक्यात, उरलेली बार्शीकडे. म्हणून हे पत्र.

मी मूळचा बार्शीकडचाच. आमच्याकडे गाव म्हणजे पांढरी: वेस, चावडी, पार, भिंतीला भिंत लागलेली घरं आणि भोवती काळी, म्हणजे शेतजमीन. सायकल पाराला टेकवली की तासाभरात थैली रिकामी. लांज्यात पहिल्या दिवशी एकाच गावची १४ पत्रं वाटता वाटता दुपारचे तीन वाजले. खालची वाडी, मधली वाडी, सुतारवाडी. मध्ये पाखाडी म्हणजे दगडी पायऱ्यांची वाट, पऱ्या म्हणजे ओढा, आणि त्यावरचा साकव, म्हणजे छोटा पूल. "गाव कुठे आहे?" म्हणून एका आजींना विचारलं तर त्या हसतच सुटल्या. मी गावातच उभा होतो.

पायपिटीत उलगडा झाला. सड्यावर, म्हणजे डोंगरमाथ्याच्या सपाटीवर, नुसता जांभा दगड. पावसाचं पाणी त्यातून झिरपून खाली उताराला फुटतं. जिथे फुटतं तिथे विहीर, तिथेच चार घरं. भाताची खाचरंही तुकड्यातुकड्यांची. देशावर पाणी नदीकाठी किंवा मोजक्या विहिरींना, त्यात लुटारूंची भीती, म्हणून सगळे वेशीच्या आत. सगळे म्हणजे सगळे नव्हेत. वेशीबाहेर कुणाला ठेवलं ते आपण जाणतो. २०२० मध्ये जातिवाचक वस्त्यांची नावं बदलायचं सरकारने ठरवलं. पाकिटावर नवं नाव आलं, तरी जागा तीच.

पुढे विहिरींवर मोटारी बसल्या आणि आमच्याकडची माणसं मळ्यात राहायला गेली. मी निवृत्त झालो तेव्हा निम्मं टपाल वस्त्यांवर जायचं, पांढरीतल्या घरांना कुलपं. तिकडे कोकणात मात्र महामार्गाच्या कडेने घरांची रांग लागलेली. दोन्हीकडे माणसं आपल्या सोयीने हलली, कुणी हुकूम काढला नव्हता.

माळीण, तळिये, इर्शाळवाडीनंतर दरडीखालची घरं हलवायलाच हवीत, त्यात वाद नाही. पण खर्च वाचतो म्हणून धडधाकट वाडी उचलायची असेल, तर सूचना करणाऱ्यांनी आधी मे महिन्यात सकाळी सहाला तिथल्या विहिरीवर जाऊन किती हंडे भरतात ते मोजावं. वाट दाखवायला मी येईन. साकव अजून ओलांडता येतो, पाखाडी चढायला मात्र वेळ लागेल.

आपला,
एक निवृत्त पोस्टमन, बार्शी