सही होईल, पण दोन अटी आहेत

हाइड पार्क, शिकागो

मन्या,

तुझा तो सतरा मिनिटांचा व्हॉइस मेसेज ऐकला, दोनदा ऐकला, आणि शेवटी जे खवचटपणे बोललास ना, की आम्ही इथे पार्ल्याची आपली जुनी बिल्डिंग पाडून नवी बांधायला सह्या गोळा करतोय आणि तू तिकडे डॉलर मोजून जुनीच घेतलीस, ते बरोब्बर लागलं. फोनवर धड बोलणं होत नाही, तुझ्या मागे कुकर, माझ्या मागे बस, म्हणून लिहितोय.

तर हो, जुनीच घेतली. आपली पार्ल्याची ६२ सालची, ही ६१ची, म्हणजे थोरलीच. आणि जागा कुठे म्हणशील तर रस्त्याच्या मधोमध. अतिशयोक्ती नाही. ५५वा स्ट्रीट सरळ येतो, आमच्यापाशी आल्यावर दुभंगतो, दोन्ही बाजूंनी गाड्या जातात, पलीकडे परत एक होतो आणि त्या मधल्या बेटावर दहा-दहा मजल्यांच्या दोन लांबलचक काँक्रीटच्या बिल्डिंगी, मिळून ५४० फ्लॅट. पार्ल्याच्या भाषेत सांगायचं तर डिव्हायडरवर घर. लोकांनी पूर्वीच नाव पाडून ठेवलंय, मोनॉक्साइड आयलंड. मी घेतल्यावर आठवड्याने कळलं.

पण आर्किटेक्ट कोण माहितीये? आय. एम. पेई. पॅरिसला लूव्रच्या अंगणात तो काचेचा पिरॅमिड आहे ना, १९८९चा, तो ह्यांचा. तेव्हा ते न्यूयॉर्कच्या झेकेनडॉर्फ नावाच्या बड्या बिल्डरकडे होते, आणि सोबत आराल्डो कोसुट्टा म्हणून सहकारी. बाहेरून गिलावा नाही, सेंट्रिंग काढल्यावर जे दिसलं तेच. खिडक्यांच्या भोवतीची काँक्रीटची जाळी नुसती शोभेची नाहीये, बिल्डिंगचा भार तीच पेलते. पहिल्यांदा बघितलं तेव्हा मला सरकारी क्वार्टर्सच वाटल्या, खोटं कशाला बोलू. आता रोज संध्याकाळी खोल खिडक्यांमध्ये सावल्या सरकताना बघतो आणि एखाद्या दिवशी चहा गार होतो.

त्या काँक्रीटचा प्रसाद मात्र मिळाला. खिडकीवर पडद्याचा रॉड लावायचा होता, त्यात काय, म्हणून घरातलं साधं ड्रिल घेऊन स्टुलावर चढलो. बिट अर्धा इंच आत गेलं आणि नुसतं किंचाळायला लागलं, धूर, जळका वास, खाली पांढरी पूड, दुसरं बिट, तेही बोथट, तिसऱ्याचं टोकच आत मोडून राहिलं, ते अजून तिथेच आहे. शेवटी मजल्यावरच्या एक आजी आल्या, आवाज ऐकून, ऐंशीच्या तरी असतील, स्वतःचं हॅमर ड्रिल घेऊन! मला खाली उतरवलं, स्वतः चढल्या, भोक पाडलं, गिट्टी ठोकली, आणि म्हणाल्या, पुढच्या वेळी आधी विचार. रॉड किंचित तिरका आहे. मी सरळ करणार नाही.

आजी इथल्या खूप जुन्या, सगळे फ्लॅट भाड्याचे होते तेव्हापासूनच्या, कॉन्डो नंतर झालं. कॉन्डो म्हणजे आपल्या सोसायटीसारखं नाही हं. आपल्याकडे सोसायटी मालक आणि आपण शेअर सर्टिफिकेटवाले मेंबर, इथे फ्लॅट थेट माझ्या नावावर आणि जिना, लिफ्ट, गच्ची, लॉबी ह्यात टक्केवारीने हिस्सा. आपल्याकडेही १९७०चा अपार्टमेंट ओनरशिपचा कायदा आहे, त्यातलं डीड ऑफ अपार्टमेंट साधारण असंच. बाकी जनरल मीटिंग तीच रे. कुत्रा, पार्किंग, मेंटेनन्स. फक्त कोणी मध्येच वडे आणत नाही.

आता तुझ्या मूळ प्रश्नावर येतो. तू म्हणालास की रिडेव्हलपमेंटला हो म्हणणारे मेंबर ५१ टक्के झालेत, २०१९च्या नियमाने तेवढे पुरतात, पण काकूंची, म्हणजे माझ्या आईची, सही नसेल तर मन लागत नाही, आणि त्या म्हणतात अव्याला विचारा. इकडे आकडा ऐक. अख्खी कॉन्डो बिल्डिंग एकगठ्ठा विकायची तर इलिनॉयच्या कायद्याने ७५ टक्के मालक लागायचे, शिकागो शहराने २०१९ मध्येच ते ८५ केले. म्हणजे एकाच साली तुमच्याकडे आकडा उतरला आणि आमच्याकडे चढला. हे वाचल्यावर मी आधी छाती फुगवली, म्हटलं बघा, जुन्याची कदर. आमची बिल्डिंग २००५पासून नॅशनल रजिस्टरवर, म्हणजे इथल्या ऐतिहासिक वास्तूंच्या सरकारी यादीत आहे, तेही सांगून झालं सगळ्यांना (त्या रजिस्टरमुळे खाजगी मालकाला पाडायला बंदी वगैरे नसते, ते मी सांगत नाही).

मग एक दिवस आजींनी माझी हवा काढली. म्हणाल्या, आपण उभे आहोत तिथे काय होतं ठाऊक आहे का? काय होतं म्हणशील तर ह्या रस्त्यावर ओळीने बार होते, दुकानं, वर भाड्याच्या खोल्या. बीहाइव्ह नावाच्या क्लबात १९५५ मध्ये चार्ली पार्कर, तो जॅझवाला, वाजवून गेला. त्याच साली एका बारमध्ये कंपास प्लेयर्सची मंडळी जागच्या जागी नाटक रचून करायला लागली, त्यातूनच पुढे १९५९ला सेकंड सिटी ही विनोदी नाटकमंडळी उभी राहिली. इथल्या शिकागो युनिव्हर्सिटीला वाटलं वस्ती घसरतेय, गोरे लोक सोडून चाललेत, मग अर्बन रिन्युअल, म्हणजे सरकारी योजनेने जुनी वस्ती पाडून नवी बांधणं. १९५८ मध्ये मोठा प्लॅन मंजूर झाला, पाडापाडी त्याच्याही आधीपासून, आणि हा रस्ता तर जवळजवळ पुसूनच टाकला. गेले ते बहुतेक गरीब, त्यातही काळी कुटुंबं पुष्कळ. एक वुडलॉन टॅप नावाचा बार तेवढा वाचला, सगळे त्याला जिमीज म्हणतात, अजून चालू आहे, तू आलास की तिथेच बसू.

म्हणजे मी जिला हेरिटेज हेरिटेज म्हणून मिरवतो तीच मुळात रिडेव्हलपमेंट! मन्या, मी त्या दिवशी लेक मिशिगनच्या काठी प्रॉमंटरी पॉइंटपर्यंत चालत गेलो, दहा-बारा मिनिटं लागतात, चुनखडीच्या पायऱ्यांवर बसलो आणि खरं सांगतो, आपल्या बिल्डिंगचंच आठवत होतो. गणपतीत गच्चीत पत्रा लावायचो तो, जिन्याच्या कठड्यावरून घसरताना तुझी चड्डी फाटली ते, पहिल्या मजल्यावरचा मोझॅकचा तडा. पण आईला आता दोन जिने होत नाहीत. मागच्या महिन्यात भाजी घेऊन आली आणि मधल्या पायरीवर पंधरा मिनिटं बसून राहिली, मला हे शेजारच्यांकडून कळलं, तिने सांगितलंच नाही. लिफ्ट हवी. गळे काढण्यात अर्थ नाही. आईला मी आज रात्री फोन करतो, ती सही करेल.

आता अटी. पहिली, तू पाठवलेला प्लॅन मी मोठा करून बघितला, नवीन स्वयंपाकघराला खिडकीच नाही, डक्टकडे एक भोक दाखवलंय. माझ्या इथलं किचन असंच आतल्या अंगाला आहे. मिरचीची फोडणी टाकली की स्मोक अलार्म बोंबलतो आणि मी टॉवेल फिरवत नाचतो. आईला हे नको. बाहेरच्या भिंतीला स्वयंपाकघर, नाहीतर निदान ड्राय बाल्कनी तरी, बिल्डरला सांग.

दुसरी, जिन्याखालचा इस्त्रीवाला. आपण शाळेत होतो तेव्हा त्याचे वडील होते, आता तो. त्याचं नाव ना मेंबरांच्या यादीत, ना भाडेकरूंच्या, म्हणजे बिल्डर मधल्या काळात देतो ते भाडंही नाही, कॉर्पस फंडाची एकरकमी रक्कमही नाही, काही नाही, बिल्डिंग पडली की टेबल उचलायचं आणि चालू पडायचं. मीटर रूमशेजारी सहा बाय आठ तरी जागा प्लॅनवर काढून घे आणि अॅग्रीमेंटमध्ये लिहून घे. कमिटीतल्या कोणी तोंडी बघू बघू म्हटलं तर ऐकू नकोस.

एवढं झालं की कळव. वहिनींना नमस्कार, आणि आईकडे जाशील तेव्हा दुधाची पिशवी घेऊन जा वरती.

तुझा,
अव्या